तापमान वाढले की कुजण्याचा वेग वाढणारच. मग त्यावर वर्षानुवर्षे संशोधन कशासाठी?

जिज्ञासू_मन

काही दिवसांपूर्वी एका परिसंस्था-अभ्यासक बाईंचे व्याख्यान ऐकण्याचा योग आला. हवामानबदलाचा परिसंस्थांमधील प्रक्रियांवर होणारा परिणाम असा विषय असल्याने वितळणाऱ्या हिमनद्या, वणवे, नामशेष होणारे प्राणी यांविषयी ऐकायला मिळेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या जवळजवळ तासभर दोनच गोष्टींवर बोलल्या: गळलेली पाने किती दिवसांत कुजतात आणि माती किती कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते. या मोजमापात आपली वीस वर्षे गेली, असेही त्यांनी सांगितले.

व्याख्यान मनापासून आवडले, पण एक शंका काही केल्या जाईना. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हे आपण शाळेत शिकलो. कुजणे ही शेवटी रासायनिक क्रियाच आहे. म्हणजे ऊब वाढली की कुजणे वाढणार, हवेत कार्बन डायऑक्साइड अधिक जाणार आणि त्याने ऊब आणखी वाढणार. हा हिशेब एका ओळीत मांडता येतो. मग एखाद्या हुशार व्यक्तीने उमेदीची वीस वर्षे पाचोळा तोलण्यात का घालवावीत? प्रश्न हेटाळणीने विचारलेला नाही. मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

पानगळ

चांगला विषय. माझ्याही मनात हाच प्रश्न होता. वाचते आहे.

अरण्यवाट

मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दहा अंशांना दुप्पट हा नियम चुकीचा नाही, पण तो कच्चा माल भरपूर असेल, पाणी पुरेसे असेल आणि काम करणारे हात तेच राहतील, तेव्हाच लागू पडतो. मातीत यातली एकही अट फार काळ टिकत नाही. पाने कुजतात म्हणजे बुरशी, जिवाणू, गांडुळे आणि असंख्य बारीक कीटक ती खातात. कोरड्या ठणठणीत जमिनीवरची पाने कितीही तापली तरी तशीच पडून राहतात, आणि पाण्याखाली बुडालेली पाने प्राणवायूअभावी फारच हळू कुजतात. शिवाय ऊब वाढल्यामुळेच जमीन लवकर सुकत असेल, तर तापमानाने मिळालेला वेग ओल कमी झाल्याने परत जातो.

आता हे मोजणे महत्त्वाचे का, ते आकड्यांत पाहा. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटरच्या थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब (म्हणजे कार्बन) आहे. वातावरणात आज जेवढा कर्ब आहे, त्याच्या हा जवळपास दुप्पट होतो. कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण दरवर्षी साधारण १० अब्ज टन कर्ब हवेत सोडतो. मातीच्या श्वसनातून, म्हणजे तिच्यातले सूक्ष्मजीव आणि मुळे यांच्या श्वसनातून, त्याच्या आठ-नऊ पट कर्ब दरवर्षी बाहेर पडतो. वनस्पती तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, परत घेतात म्हणून हा हिशेब जुळतो. एवढ्या मोठ्या उलाढालीत दोन-चार टक्क्यांची तफावत पडली, तरी ती मोठमोठ्या देशांच्या वार्षिक उत्सर्जनाएवढी भरते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ साली जमिनीखाली विजेच्या तारा पुरून काही भूखंड शेजारच्या जमिनीपेक्षा कायम पाच अंशांनी उबदार ठेवण्यात आले. पहिल्या दहा वर्षांत मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड अपेक्षेप्रमाणे वाढला. त्यानंतर सुमारे सात वर्षे उबदार आणि साध्या भूखंडांत जवळजवळ फरकच राहिला नाही. त्या काळात प्रयोग बंद केला असता, तर ‘माती नव्या तापमानाला सरावली’ असाच निष्कर्ष निघाला असता. पण अठराव्या वर्षापासून उत्सर्जन पुन्हा वाढले, पाचसहा वर्षे वाढलेले राहिले आणि मग परत थांबले. सव्वीस वर्षांचा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा वरच्या ६० सेंटिमीटर मातीतला १७ टक्के कर्ब निघून गेला होता.

सहज कुजणारा माल आधी संपला, मग सूक्ष्मजीवांची वस्तीच बदलली, आणि नव्या वस्तीने पूर्वी कोणी हात न लावलेला चिवट माल खायला घेतला, असा याचा अर्थ लावला जातो. तुमच्या एका ओळीच्या हिशेबात हे टप्पे कुठे बसवणार?

सांख्यिक

अरण्यवाट यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एका जंगलावरून जगाविषयी बोलण्यातला धोकाही इथे नोंदवायला हवा.

२०१६ साली ४९ ठिकाणच्या मृदातापन प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्या मातीत मुळात कर्ब जास्त, तिथूनच तो अधिक जातो, असा संबंध त्यात मांडला होता. त्यावरून २०५० पर्यंत सुमारे ५५ अब्ज टन कर्ब मातीतून बाहेर पडेल असा अंदाजही काढला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने आणखी प्रयोग मिळवून ठिकाणांची संख्या १४३ वर नेली, तेव्हा तो संबंध टिकला नाही. मूळ अंदाजातली अनिश्चिततादेखील जवळजवळ अंदाजाएवढीच मोठी होती. कोणी लबाडी केली असे मुळीच नाही. मातीतला कर्ब हातभर अंतरावरही इतका बदलतो की पाचदहा नमुन्यांत खरा बदल आणि योगायोग वेगळे करणे फार कठीण जाते.

त्यामुळे मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे, की वीस वर्षे लागतात याचे निम्मे कारण निसर्ग संथ आहे हे आहे, आणि उरलेले निम्मे कारण आपल्या मोजमापातला गोंगाट मोठा आहे हे आहे.

उंबर

मला मूळ पद्धतीविषयीच आक्षेप आहे. जमीन खालून तापवायची आणि झाडांचे शेंडे मात्र थंड हवेत ठेवायचे, याला हवामानबदल कसे म्हणणार? प्रत्यक्षात हवा आधी तापते आणि जमीन मागून. शिवाय पाच अंशांची वाढ एका झटक्यात कुठेच होत नाही. अनेक दशकांत हळूहळू चढणाऱ्या तापमानाशी सूक्ष्मजीव जुळवून घेतील, पण अचानक आलेल्या उष्णतेने ते बिथरतील. अशा प्रयोगातून आपण हवामानबदल मोजतो की धक्का मोजतो?

अरण्यवाट

उंबर, हा आक्षेप योग्य आहे आणि आमच्या क्षेत्रात तो गांभीर्याने घेतला जातो.

त्यावर दोन वाटा शोधल्या गेल्या. पहिली वाट म्हणजे परिसंस्थेचा सबंध तुकडाच तापवायचा. मिनेसोटातील एका दलदलीच्या जंगलात वरून उघडी अशी दहा मोठी दालने उभारून आतली हवा आणि खोलवरची पीटमाती (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दोन्ही तापवली जातात. एका दालनात वाढ शून्य, दुसऱ्यात सव्वादोन अंश, अशी पायरीपायरीने ती नऊ अंशांपर्यंत नेलेली आहे, त्यामुळे एकाच धक्क्याऐवजी वाढीचा सबंध चढ अभ्यासता येतो. हजारो वर्षे कर्ब साठवत आलेली ती दलदल तापवलेल्या दालनांत काही वर्षांतच कर्ब गमावू लागली, आणि तापमान जितके अधिक तितके हे नुकसान अधिक होते.

दुसरी वाट निसर्गाने दिली. आइसलँडमध्ये मे २००८ मध्ये मोठा भूकंप झाला आणि जमिनीखालच्या गरम पाण्याचे मार्ग सरकले, त्यामुळे पूर्वी थंड असलेल्या काही जमिनी खालून तापू लागल्या. जवळच अशी गवताळ जमीनही आहे जी पन्नासहून अधिक वर्षे तशीच उबदार आहे. नव्याने तापलेली आणि जुनी तापलेली माती शेजारीशेजारी मिळणे ही अभ्यासकासाठी पर्वणीच आहे. तिथल्या निरीक्षणांत असे दिसले की सूक्ष्मजीव ‘सरावले’ नव्हते. त्यांचा दरडोई श्वसनाचा वेग पन्नास वर्षांनंतरही वाढलेलाच होता. अन्न कमी झाल्यामुळे त्यांची संख्या घटली होती आणि म्हणून एकूण श्वसन पूर्वीएवढेच दिसत होते.

वरून पाहता दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात, पण भविष्यासाठी त्यांचा अर्थ अगदी वेगळा निघतो. सूक्ष्मजीव खरोखर सरावले असतील तर मातीतला कर्ब सुरक्षित आहे. भूक कायम असून ताट रिकामे झाले असेल, तर कर्ब आधीच निघून गेलेला आहे.

पानगळ

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. इतक्या स्पष्टपणे हे कोणी सांगितले नव्हते.

तृणपर्ण

आतापर्यंत सगळी चर्चा तराजूच्या एकाच पारड्याविषयी झाली. दुसऱ्या पारड्यात वनस्पती आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की प्रकाशसंश्लेषणही वाढते, त्यामुळे मातीतून जाणारा कर्ब झाडे परत ओढून घेतील, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. जमीन आज आपल्या उत्सर्जनापैकी जवळपास ३० टक्के वाटा शोषून घेते, हेही खरे आहे. हा वाटा नसता, तर हवाई बेटावरील मौना लोआच्या वेधशाळेत मोजलेला, १९५८ साली दशलक्षात ३१५ भाग असलेला आणि आज ४२० च्या वर गेलेला कार्बन डायऑक्साइडचा आकडा याहून बराच पुढे असता.

पण हे शोषण असेच चालू राहील का? उघड्या जंगलात नळ्यांचे कडे उभारून झाडांवर जादा कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. सुरुवातीच्या चार ठिकाणच्या तरुण वनांत उत्पादकता सरासरी २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि सर्वांना हायसे वाटले. त्यांपैकी टेनेसीतल्या एका वनात मोजणी पुढे चालू राहिली, तेव्हा २४ टक्क्यांची वाढ २००८ पर्यंत ९ टक्क्यांवर आली. झाडांना कर्ब मिळत होता, पण मातीत नत्र (नायट्रोजन) पुरत नव्हते. सिडनीजवळच्या जुन्या निलगिरी वनातला अनुभव आणखी बोलका आहे. तिथल्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे. झाडांनी सुमारे १२ टक्के अधिक कर्ब शोषला, पण खोडांची वाढ झालीच नाही. तो जादा कर्ब मुळांतून मातीत गेला आणि श्वसनावाटे हवेत परतला.

इथेच पाचोळ्याचा संबंध येतो. झाडाला लागणारे नत्र आणि स्फुरद कुठून येते, तर कुजणाऱ्या पानांतून. जिज्ञासू_मन यांना ज्या दोन गोष्टी किरकोळ वाटल्या, त्यांतली एक दुसऱ्या पारड्याची किल्ली आहे.

नीरजा_म

एक उलटे वाटणारे उदाहरण देते, कारण ‘ऊब वाढली की सगळे वेगाने होते’ ही समजूत त्यानेच माझ्या डोक्यातून गेली.

थंड प्रदेशात बर्फाचा थर जमिनीवर गोधडीसारखा असतो. हवा उणे वीसवर गेली तरी त्याखालची माती शून्याच्या आसपास राहते. हिवाळे सौम्य झाले की बर्फ कमी पडतो किंवा लवकर वितळतो, आणि मग थंडीची एखादी लाट आली तर उघडी पडलेली माती गोठते. म्हणजे हवा तापल्यामुळे माती थंड होते. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक वनात अभ्यासकांनी हिवाळ्याच्या सुरुवातीला ठरावीक भूखंडांवरचा बर्फ फावड्याने सतत बाजूला करून हे तपासले. गोठलेल्या मातीत मेपलची बारीक मुळे मेली, आणि मुळेच नसल्यामुळे वसंतात तयार झालेले नत्र कोणी उचलले नाही. ते नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर वाहून गेले.

रसायनशास्त्राचा नियम यात कुठेही मोडलेला नाही. तरीही तेवढ्या नियमावरून हा परिणाम कोणाला आधी सांगता आला असता, असे मला वाटत नाही.

मृद्गंध

नीरजा_म यांच्या उदाहरणाला माझ्या कामातली एक जोड देतो. मी काही वर्षे प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यांचे श्वसन मोजत होतो. महिनोन्महिने सुकवलेली माती बाटलीत असते, वायुमापक यंत्रावरचा आकडा जवळजवळ स्थिर असतो. मग सुईने मोजून पाणी सोडायचे. काही मिनिटांतच आकडा उठतो आणि डोळ्यांदेखत भराभर चढत जातो. कोरड्या मातीत निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात आणि दुष्काळात मेलेल्या आपल्याच भाईबंदांचे अवशेष खातात. १९५८ साली हे तपशिलाने मांडणाऱ्या बर्च यांच्या नावाने ही घटना ओळखली जाते.

आता विचार करा: वर्षभराचा पाऊस तेवढाच राहिला, पण मधली कोरड लांबली आणि सरी जोरदार झाल्या, तर वार्षिक सरासरीत काहीच बदललेले दिसणार नाही, मातीच्या हिशेबात मात्र मोठा बदल होईल. महिन्यातून एकदा मोजणाऱ्याच्या हातून ही उसळी हमखास निसटते. त्यामुळे किती वर्षे मोजले याइतकेच केव्हा मोजले हेही महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

सांख्यिक

मृद्गंध यांच्याशी पूर्ण सहमत. सरासरीवर विसंबून राहण्यासारखी चूक या विषयात दुसरी नाही, आणि हे मी संख्याशास्त्राचा माणूस असूनही म्हणतो.

जिज्ञासू_मन

सर्वांचे मनापासून आभार. माझा एका ओळीचा हिशेब मी मागे घेतो. पण आता उलटा गोंधळ झाला आहे. कधी श्वसन वाढते, कधी थांबते. झाडे शोषतात, मग थकतात. हवा तापते आणि माती गोठते. अशाने एखादा म्हणेल, की तुम्हालाच काही ठाऊक नाही, तर काळजी तरी कशाला करायची? त्याला काय उत्तर द्यावे?

तृणपर्ण

दिशा आणि परिमाण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीत, वरच्या एका मीटरच्या बरेच खालीपर्यंत, जवळपास १,५०० अब्ज टन कर्ब अडकून पडलेला आहे. तो कुजला नाही याचे एकमेव मुख्य कारण थंडी आहे. ती जमीन वितळली की कुजणे सुरू होणार, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते किती, किती वेगाने, आणि त्यातला किती भाग मिथेन होऊन बाहेर पडणार यांविषयी. जिथे पाणी साचेल तिथे मिथेन अधिक, जिथे निचरा होईल तिथे कार्बन डायऑक्साइड अधिक. धरण फुटल्यावर पाणी खाली येणार हे ठाऊक असते. कोणत्या घरात किती फूट येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून कोणी धरणाखाली निर्धास्त झोपत नाही.

उंबर

हे उत्तर पटले. माझा पद्धतीवरचा आक्षेप कायम आहे, पण दलदलीच्या दालनांविषयी वाचून तो बराच सौम्य झाला. एक विचारतो: आजकाल जमिनीत संवेदक बसवता येतात, मनोरे उभारून झाडांच्या वरून जाणाऱ्या हवेतला कर्ब सेकंदाला दहादा मोजता येतो. मग पाने पिशवीत भरून हाताने तोलण्याची गरज अजून का भासते?

शाळामास्तर

उंबर यांच्या प्रश्नावर जाणकार लिहितीलच, पण हाताने तोलण्याचा एक फायदा मी शिक्षक म्हणून अनुभवला आहे. २०१३ साली काही अभ्यासकांनी चहाच्या तयार पुड्या वापरून कुजण्याचा वेग मोजण्याची पद्धत सुचवली. हिरवा चहा लवकर कुजतो, रुइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा चहा) हळू कुजतो. दोन्ही पुड्या तोलून जमिनीत आठ सेंटिमीटर खोल पुरायच्या, तीन महिन्यांनी काढून, सुकवून पुन्हा तोलायच्या. दोन वजनांतल्या घटीवरून त्या मातीत कुजण्याचा वेग किती आणि किती माल टिकून राहतो, या दोन्हींचा अंदाज येतो. जगात कुठेही तीच पुडी वापरता येत असल्याने आकडे एकमेकांशी ताडता येतात.

माझ्या विद्यार्थ्यांनी झाडाखाली आणि उघड्या मैदानात पुड्या पुरल्या होत्या. मैदानातली पुडी अधिक कुजेल, कारण तिथे ऊन जास्त, असे जवळपास सर्वांनी आधी लिहून दिले होते. निकाल उलटा लागला. झाडाखाली ओल टिकली होती. एका मुलीने वहीत लिहिले, ‘ऊन असून उपयोग नाही, किड्यांना तहान लागते.’ या धाग्याची सुरुवात वाचताना मला ते वाक्य आठवत होते.

अरण्यवाट

शाळामास्तर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

उंबर, मनोऱ्यावरचे यंत्र सबंध जंगलाची जमाखर्चाची शेवटची ओळ देते. कर्ब आला किती, गेला किती, एवढे त्यातून कळते. तो पानांतून गेला, मुळांतून गेला की हजार वर्षे जुन्या मातीतून गेला, हे कळत नाही. त्यासाठी खाली वाकून पाहावे लागते.

आमच्या पिशव्या बारीक जाळीच्या नायलॉनच्या असतात. प्रत्येकीत दहा ग्रॅम सुकी पाने, आत धातूची क्रमांकपट्टी, कारण शाईने लिहिलेले क्रमांक पहिल्याच पावसाळ्यात पुसले गेले आणि एका सबंध भूखंडाची वर्षभराची मेहनत वाया गेली होती. काढलेली पिशवी ओली, जड आणि मातीने माखलेली असते. ती पांढऱ्या ताटलीत उघडून मऊ कुंचल्याने माती झाडायची. या वर्षी तिसऱ्या वर्षीच्या पिशव्या उघडताना पानांच्या फक्त शिरा उरलेल्या दिसत होत्या, आणि त्या शिरांमधून केसाएवढी बारीक, जिवंत, पांढरी मुळे आरपार गेलेली होती. शेजारच्या झाडाने जाळीतून मुळे आत घालून कुजत्या पानांतले नत्र थेट उचलायला सुरुवात केली होती. तापवलेल्या भूखंडातल्या पिशव्यांत ही मुळे डोळ्यांना दिसेल इतकी दाट होती.

पिशवी न उघडता तोलली असती, तर मुळांचे वजन पानांच्या वजनात मिसळून कुजण्याचा वेग खोटा कमी दिसला असता, आणि तापवलेल्या भूखंडांतच ही चूक सर्वांत मोठी झाली असती. आता चिमट्याने एकेक मूळ वेगळे काढणे चालू आहे. एका पिशवीला साधारण चाळीस मिनिटे लागतात. वहीत पानांच्या वजनाशेजारी मुळांच्या वजनाचा नवा रकाना आखला आहे, आणि पहिल्या दोन वर्षांच्या जपून ठेवलेल्या पिशव्याही त्यासाठी पुन्हा उघडायला घेतल्या आहेत.